उंदीर मारणारा कुत्रा आणि त्याचा धनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा विषय आम्हीच कळवावा असे त्यांनी सांगितले होते. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘उंदरांची आणि सशांची शिकार करणारी कुत्री’ असा विषय कळवला. त्यावर विचारणा आली की, विषयाच्या नावात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व काही बोलले गेले आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते धान्याच्या गुदामात पोती वाहताना आणि संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. तेव्हा ज्या विषयात आमचे स्वतःचे हातपाय मळलेले आहेत, तोच विषय आपल्यापुढे मांडावा असे आम्ही ठरवले.

खराडी म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या उंच इमारती आणि त्यांच्याखाली अडकलेल्या मोटारींच्या रांगा येतात. आमच्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते १९८५ च्या सुमारास, हे गाव होते. उत्तरेस नगर रस्ता, दक्षिणेस मुळा-मुठा, आणि मधल्या पट्ट्यात ऊस, ज्वारी, बाजरी. चढावर मुरमाड माळ. गावात कुत्री पुष्कळ. परंतु ज्यांना ‘कामाची कुत्री’ म्हणत ती मोजकीच. ही कामाची कुत्रीही दोन तऱ्हांची. एक तऱ्हा माळावरची, दुसरी बिळावरची. या दोन तऱ्हा नीट समजून घेतल्या, तर आमचे पुढचे बोलणे आपणांस सोपे जाईल.

माळावरचे कुत्रे सशासाठी. आपल्याकडचा रानससा आणि विलायतेतला पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे घोटाळा होतो. विलायती ससा जमिनीत बिळे करतो, त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. आपला काळ्या मानेचा ससा बीळ करीत नाही. झुडपाच्या आडोशाला जमीन थोडी उकरून दिवसभर तेथे दबून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. त्याला भरवसा आपल्या पायांचा. म्हणून त्याच्या मागे लागणारे कुत्रेही लांब पायांचे, अरुंद कमरेचे, नजरेने शिकार करणारे असावे लागते. मराठवाडा, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत त्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात, अंगावर झुलपे असलेल्यास पश्मी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच घराण्यातली कुत्री जोपासली, त्यातला एक जोड इंग्लंडच्या राजाला भेट दिला, आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव जगाला ठाऊक झाले. २००५ साली भारताच्या टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले.

ससा सरळ पळत नाही. कुत्रा अंगावर आला की तो एकदम वळण मारतो, कुत्रा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो, आणि वळून येईपर्यंत सशाला दहावीस हातांचा अवकाश मिळतो. असे पुन्हा पुन्हा होते. यावरूनच आपल्या भाषेत ‘ससेहोलपट’ हा शब्द आला. आपण तो शब्द माणसांसाठी वापरतो. कचेरीत या टेबलावरून त्या टेबलाकडे धावणाऱ्या पेन्शनरासाठी वापरतो. ज्याने तो पहिल्यांदा उच्चारला त्याने सशामागे धावणारी कुत्री डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजेत.

आम्हीही ती पाहिली. शिमग्याच्या सुमारास पोरे काठ्या घेऊन माळ झोडपीत, पुढे कुत्री सोडीत. त्यात मौज होती हे आम्ही नाकारीत नाही. परंतु १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आरंभी त्यात परवाना घेऊन लहान शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोयही गेली. आज रानसशावर कुत्रे सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. हा कायदा योग्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या माळावर आम्ही ससे पाहिले त्या माळावर आता इमारती आहेत. उरलेल्या माळांवरच्या सशाच्या मागे कुत्रे लावायला कोणाचीही गरज भागत नाही, फक्त हौस भागते.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कायद्याने हौशी माणसाची हौस गेली. पण काही जणांची भाकरी गेली. पारधी हे नावच पारधीवरून पडलेले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा कितीएक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का कागदावरून पुसला, पोलिसांच्या मनातून पुसला गेला नाही. वीस वर्षांनी शिकारीचा कायदा आला. पहिल्या कायद्याने त्यांना गावात उभे राहू दिले नव्हते, दुसऱ्याने रानात जाऊ दिले नाही. दुसरा कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण ज्याचे काम आपण बंद करतो त्याला दुसरे काम देणे हे आपले काम असते, आणि ते केले गेले नाही. गिरणी बंद पडते तेव्हा हाच प्रश्न आम्ही विचारतो. रान बंद झाले तेव्हाही तो विचारायला हवा होता.

आता बिळावरच्या कुत्र्याकडे वळू. आमच्या मते आजच्या शहराला खरे काम याचेच आहे.

इंग्रजीत या जातीच्या कुत्र्यांना टेरिअर म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘भूमी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जमिनीत शिरणारा तो टेरिअर. डेव्हन परगण्यातला जॉन रसेल नावाचा पाद्री १७९५ ते १८८३ या काळात होऊन गेला. त्याच्या नावाने ‘जॅक रसेल’ ही बुटकी, धीट जात आजही ओळखली जाते. आपल्याकडे अशी नाव दिलेली जात नाही. पण बुटके, रुंद छातीचे, आखूड जबड्याचे गावठी कुत्रे प्रत्येक खळ्यावर असे, आणि ते तेच काम करी. आमच्या घरी ‘मोत्या’ नावाचा असा एक होता. त्याचे वडील कोण हे कोणास ठाऊक नव्हते. त्याचे काम सर्वांना ठाऊक होते.

हे काम कसे चालते ते सांगतो. शेतातल्या उंदराच्या बिळाला एकच तोंड कधी नसते. चारपाच असतात, एखादे मातीने हलकेच बुजवलेले असते. पहिले काम ती सारी तोंडे शोधण्याचे. हे माणूस निम्मे करतो, निम्मे कुत्रा नाकाने करतो. मग दोन तोंडे मोकळी ठेवून बाकीची दगड-मातीने पक्की बंद करायची. एका तोंडाशी गोवरीचा धूर द्यायचा किंवा कुदळीने खणत जायचे, आणि दुसऱ्या तोंडाशी कुत्रे उभे करायचे. चांगले कुत्रे तेथे भुंकत नाही. कान टवकारून, एक पाय उचलून, पुतळ्यासारखे उभे राहते. उंदीर बाहेर आला की मानेत धरून एकच हिसडा. मणका तुटतो, उंदीर तेथेच पडतो, आणि कुत्रे त्याच्याकडे न पाहता दुसऱ्यासाठी वळलेले असते. जे कुत्रे मारलेल्या उंदराशी खेळत बसते ते या कामाचे नाही. बीळ पुरे खणले की आत धान्याचा साठा निघे. कातकरी आणि इतर कष्टकरी जमातींची माणसे सुगी झाल्यावर शेतमालकाच्या परवानगीने बिळे खणत, ती या साठ्यासाठी आणि उंदरांच्या मांसासाठीही. त्याला कोणी नाक मुरडू नये. शेतकऱ्याचे दाणे उंदराने चोरले, उंदराकडून भुकेल्याने परत घेतले, आणि पुढच्या हंगामाला शेतकऱ्याचे नुकसान कमी झाले.

‘मांजर असताना कुत्रे कशाला?’ असे कोणी विचारील. लहान उंदराला मांजर पुरे पडते. पण शहरातला मोठा उंदीर, आणि किलोच्या घरात वजन जाणारी घूस, यांच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. न्यूयॉर्कमध्ये एका कारखान्यात शास्त्रज्ञांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले. २०१८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्याप्रमाणे तेवढ्या दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर होते दोन. त्याच शहरात हौशी लोक आपले टेरिअर घेऊन रात्री गल्ल्यांतून फिरतात आणि एका रात्रीत त्याहून कितीतरी अधिक उंदीर मारतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील स्त्रियांच्या भूसेनेत उंदीर मारण्याचे शिक्षण घेतलेल्या मुली होत्या, आणि अशा कामात त्यांच्याबरोबर कुत्री असत. देशाला एकेक पोते धान्य मोलाचे झाले, तेव्हा या कामाची प्रतिष्ठा कोणी विचारली नाही.

त्याच देशाने २००४ साली कुत्र्यांनी शिकार करण्याविरुद्ध कायदा केला. कोल्हा गेला, रानससा गेला. परंतु जमीनमालकाची संमती असेल तर उंदीर आणि बिळातला ससा यांना त्या बंदीतून वगळले. कायदा करणाऱ्यांनी रेघ कोठे ओढली ते पाहा. धावायला लावून मौज पाहण्याचा प्राणी एका बाजूला ठेवला, धान्य आणि पीक खाणारा प्राणी दुसऱ्या बाजूला. आमचा मोत्या अंगठाछाप होता, पण ही रेघ त्याला ठाऊक होती असे आम्हांला वाटते. माळावर नेला तर तो कंटाळून सावलीला बसे.

ही रेघ आम्हांला मात्र ठाऊक नव्हती, हे कबूल केले पाहिजे. आम्ही सतरा-अठरा वर्षांचे असताना नगर रस्त्यावरच्या एका गुदामात हमालीला लागलो. जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या पिंपात पाचसहा उंदीर टाकायचे, वर मोत्याला सोडायचे, आणि किती वेळात संपवतो यावर आठ-आठ आण्यांची पैज लावायची, असा खेळ आम्ही काढला. पुढे वाचनात आले की हाच खेळ लंडनमध्ये एका काळी मोठ्या थाटाने चाले. बिली नावाच्या कुत्र्याने १८२३ साली साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले आणि त्यावर लोकांनी पैसे लावले होते. आमच्या गुदामातल्या एका वृद्ध मुकादमाने एके दिवशी ते पिंप लाथेने कलंडून दिले. म्हणाला, “पोरांनो, उंदीर मारायचा तर थप्पीत मारा. कोंडून मारता, त्याला काम म्हणत नाहीत.” एवढेच बोलला. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रे असते आणि देवाचा वाघ्या स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवतो, त्या कुळातला तो माणूस होता. पुन्हा ते पिंप आम्ही उभे केले नाही.

आता थप्पी म्हणजे काय ते, ज्यांनी पोती वाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गुदामात पोत्यांवर पोती रचून जो ढीग होतो ती थप्पी. थप्पी महिनोन् महिने हलली नाही की तिच्या पोटात उंदरांचे गाव वसते. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात, आणि ती पिल्ले दोनतीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. थप्पी हलवायची वेळ आली की खालच्या थरापाशी हमालांच्या पायांतून उंदीर पळत सुटतात. अशा वेळी दोन कुत्री बाजूला उभी असली तर निम्मे काम होऊन जाते.

उंदरांची भीती आपल्या लोकांना नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लगोलग पुण्यात आला. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द ऐकले की आमच्या आजीच्या आईच्या पिढीतली माणसे गाव सोडून शेतात राहायला जात. शास्त्रज्ञांच्या आधी लोकांनी ते ओळखले होते. कराचीत १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेने रोग पसरतो हे दाखवले. याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ही फार जुनी गोष्ट आहे असेही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक घरे सोडून बाहेर निवाऱ्यांत राहू लागले, धान्य जुन्या घरांत राहिले, उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये त्या गावात गाठीचा प्लेग निघाला. धान्य उघडे राहिले आणि माणसाचे लक्ष गेले की काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे.

आता ज्या हकिगतीसाठी हा विषय आम्ही निवडला, त्या हकिगतीकडे येतो.

आम्ही संघटनेच्या कामाला लागलो होतो. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली आमच्या भागातल्या हमालांची नोंदणी व्हावी म्हणून झगडत होतो. एका मोठ्या गुदामात उंदीर मारण्याचे काम एका कंत्राटदाराकडे होते, आणि कंत्राटदाराने ते भटक्या जमातीतल्या एका माणसाला दिले होते. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. त्याची मुले-नातवंडे आहेत. तो आपली दोन कुत्री घेऊन रात्री येई. एक तांबडी कुत्री होती, तिच्यासारखे काम आम्ही नंतर पाहिले नाही. त्याला रोजंदारी नव्हती. शेपटीवर दाम होते. सकाळी जितक्या शेपट्या मोजून द्यायच्या तितके पैसे. म्हणून रात्रभर मारलेले उंदीर गोळा करून तो पहाटे नळाखालच्या ओल्यात बसे आणि उघड्या हातांनी शेपट्या कापी.

शेपटीवर दाम देण्याची ही अक्कल नवी नाही. हनोई शहरात फ्रेंच सरकारने १९०२ साली हीच युक्ती केली. लोक शेपटी कापून उंदीर जिवंत सोडू लागले, म्हणजे त्याने पुन्हा प्रजा वाढवावी. कोणी उंदीर पाळूही लागले. मुंबई महापालिकेत रात्रपाळीने काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार असत, त्यांना रात्रीला तीस उंदरांचा नेम असल्याचे सर्वांना ठाऊक आहे. नगावर पैसे दिले की नगाची काळजी घेतली जाते, कामाची नाही, आणि काम करणाऱ्याची तर मुळीच नाही.

तो माणूस आमच्याकडे आला होता. म्हणाला, “दादा, मलाही तुमच्या यादीत घ्या. मीबी याच गुदामात राबतो.” आम्ही त्याला नियम समजावून सांगितला. माथाडी म्हणजे चढ-उतार करणारा, वाहणारा, रचणारा, तोलणारा. तू पोते उचलत नाहीस, तेव्हा तू आमच्या यादीत बसत नाहीस. आम्ही ते मोठ्या अभ्यासू आवाजात सांगितले. तो हसला, कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

२००६ चा पावसाळा होता. त्याच्या आधल्या वर्षी, २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ येऊन गेली होती, त्यामुळे नाव वर्तमानपत्रांतून ऐकले होते. हा रोग उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात उतरतो, आणि हातापायाच्या चिरेतून अंगात शिरतो. त्यासाठी उंदीर चावावा लागत नाही. तो कष्टकऱ्याचाच रोग आहे. जपानी डॉक्टरांनी १९१५ साली त्याचा जंतू शोधला तो कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या आजारात. त्या माणसाला ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उभे राहवेना, डोळे लाल झाले, मग पिवळे. दवाखान्यात नेईपर्यंत मूत्रपिंडे निकामी होत आली होती. नवव्या दिवशी तो गेला.

भरपाई मागायला आम्ही त्याच्या बायकोला घेऊन गेलो. गुदामवाले म्हणाले, हा आमचा कामगारच नाही. कंत्राटदार म्हणाला, हा मोकळा माणूस, शेपट्या आणून विकत होता. आणि एकाने विचारले, “उंदीर चावल्याची खूण कुठे आहे?” त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात, धंद्यापायी जडणाऱ्या रोगांच्या यादीत, प्राणी हाताळणाऱ्यांना होणारे संसर्गजन्य रोग होते. ते कलम आम्ही बोट ठेवून वाचून दाखवले. परंतु कलम लागू व्हायला माणूस आधी कामगार ठरावा लागतो. हजेरीपट नाही, पावती नाही, कोणत्याही यादीत नाव नाही. आमच्याही यादीत नाही. समोरच्याने तेवढेच विचारले, “तुमच्या संघटनेचा सभासद होता काय?” बंधुभगिनींनो, आम्ही पुष्कळ वाटाघाटी केल्या आहेत, पुष्कळ टोमणे ऐकले आहेत. त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या बाईला शेवटी हमालांनी आपसांत वर्गणी काढून जे दिले तेवढेच मिळाले.

पुढे गुदामात कुत्री बंद झाली आणि औषध आले. गोळ्या टाकणारा महिन्यातून एकदा येई. या औषधांतली काही अशी असतात की ती खाल्लेला उंदीर दोनचार दिवसांनी रक्तस्राव होऊन मरतो, आणि त्या दिवसांत त्याला जो खाईल त्याच्या पोटात तेच विष जाते, मग ते घुबड असो, मांजर असो की कुत्रे. तांबडी कुत्री धन्याच्या मागे गुदामाच्या फाटकाशीच राहत होती. तिला तेथे कोणी खायला घालीत नव्हते. एरवी तिने मारलेला उंदीर कधी खाल्ला नसता. तीही त्याच विषाने गेली. उंदीर थप्पीच्या पोटात मरत, त्यांची घाण सुटे, किडे पोत्यांत उतरत, आणि ती पोती पाठीवर घेत हमाल. विषाचा उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते स्वस्त पडते असे जे म्हणतात ते हा हिशेब धरीत नाहीत.

त्या वर्षी आमच्या सभेत आम्ही स्वतःहून ठराव मांडला की, गुदामाच्या चार भिंतींत जो राबतो, मग तो पोते उचलो, झाडू मारो, पहारा करो की उंदीर मारो, त्याला संघटनेचे दार उघडे राहील. कायद्याच्या यादीत तो बसत नसेल तर यादी वाढवण्यासाठी भांडू. काही जुन्या सभासदांनी विरोध केला. म्हणाले, उंदीरमाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसावे काय? आम्ही त्यांना विचारले, उंदीर ज्या पोत्यावर मुततो ते पोते कोणाच्या पाठीवर असते? ठराव थोड्या मतांनी पास झाला. त्यातून पुढे तीन गोष्टी मिळाल्या: गुडघ्यापर्यंतचे बूट, रबरी हातमोजे, आणि पावसाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी. ज्याच्यामुळे त्या मिळाल्या त्याला त्या मिळाल्या नाहीत.

आता आपण श्रोते म्हणाल, यातून आम्ही काय करावे? खराडीत आता खळी नाहीत, पण उंदीर गेले असे समजू नका. त्यांनी धंदा बदलला आहे. दाण्यावर जगत होते ते हॉटेलांच्या मागच्या कचऱ्यावर, गटारांवर, सोसायट्यांच्या तळघरांवर जगतात. म्हणून पहिले काम कुत्र्याचे नाही, आपले आहे. आपले पूर्वज धान्य पेवात, कणगीत, बळदात बंद करून ठेवीत. आपण उरलेले अन्न पिशवीत घालून रस्त्याच्या कोपऱ्यावर ठेवतो. कचरा बंद डब्यात गेला, भिंतीची आणि गटाराची भोके सिमेंटने व जाळीने बुजली, थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच फळ्यांवर रचली, तर निम्मे उंदीर न मारताच कमी होतात. एवढे न करता जो रोज उंदीर मारवून घेतो, त्याचे काम डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखे कधी संपतच नाही.

दुसरे काम कुत्र्याचे. जेथे कुत्रे लावणे शक्य आहे, शेतात, गोठ्यात, गुदामात, तेथे ते जरूर लावावे. पण त्याला पिसाळण्याची आणि लेप्टोस्पायरोसिसची अशा दोन्ही लसी टोचलेल्या असाव्यात, कारण हा दुसरा रोग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या मुतातून परत माणसाला येतो. जेथे विष टाकले आहे तेथे कुत्रे सोडू नये. गावात प्लेगचा संशय असेल तर उंदरांना हात लावण्याआधी आरोग्य खात्याला कळवावे, कारण मेलेल्या उंदरावरची पिसू माणसावर येते. आणि त्याला रानात सशामागे नेऊ नये; ते काम संपले.

तिसरे काम माणसाचे, आणि ते आम्हांला सर्वांत जवळचे. आपल्या सोसायटीत, कचेरीत, गुदामात रात्री उंदीर मारायला जो येतो, त्याला एकदा विचारा की तुला रोज मिळतो की नगावर मिळतो. हातात मोजे आहेत का ते पाहा. त्याचे नाव कोणत्या तरी हजेरीपटावर आहे का ते पाहा. नसेल, तर ज्यांच्याशी आपला करार आहे त्यांना पत्र लिहा. आपण सुशिक्षित माणसे, आपल्या पत्राला उत्तर येते. आमच्या पत्राला यायला वेळ लागतो.

मोत्या म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याला आम्ही बांधावरच्या लिंबाखाली पुरले. आता तेथे एका इमारतीचे वाहनतळ आहे. परवा रात्री तेथून जाताना एक पोरगा विजेरी आणि काठी घेऊन तळघरात उतरताना दिसला. पायांत चपला होत्या. आम्ही त्याला थांबवून नाव विचारले, कोणाकडे काम करतोस ते विचारले, आणि वहीत लिहून घेतले. त्याच्या बुटांसाठीचे पत्र उद्या जायचे आहे.